मच्छरदाणी फुकट द्यावी की विकत?

विद्यार्थिमित्रांनो, फेब्रुवारी महिन्यात एके दिवशी शाळेत तुमच्या हातावर एक गोळी ठेवली जाते आणि ती बाईंच्या किंवा सरांच्या समोरच चावून खावी लागते, हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेल. हीच ती जंतांची गोळी. तिचे नाव अल्बेंडाझोल. २०१५ सालापासून आपल्या देशात १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत ही गोळी दिली जाते. 'घरी जाऊन खातो' म्हटलेले चालत नाही. त्या गोळीसाठी तुम्हांला एक पैसाही द्यावा लागत नाही.

आता अशी कल्पना करा, की आदल्या दिवशी सरांनी सांगितले, 'उद्या येताना गोळीचे पाच रुपये घेऊन या.' तुमच्या वर्गात चाळीस मुले आहेत असे धरू. किती जण पैसे आणतील? पस्तीस? वीस? की पाचच? तुम्हांला वाटेल तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मग पुढे वाचा. मागाहून आकडा बदलायचा नाही, एवढीच अट.

हा प्रश्न वरवर अगदी किरकोळ वाटतो. परंतु आफ्रिकेतील व आशियातील अनेक गरीब देशांचे आरोग्यविषयक धोरण जवळजवळ वीस वर्षे याच प्रश्नाच्या एका उत्तरावर उभे होते, आणि ते उत्तर कोणी तपासून पाहिलेले नव्हते. ते पुढे कसे तपासले गेले, त्याची हकीकत मोठी वाचण्याजोगी आहे.

प्रश्न आला कोठून?

१९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आल्मा-आटा या शहरी जगातील बहुतेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि इ. स. २००० पर्यंत सर्वांना आरोग्य मिळवून देण्याचा संकल्प त्यांनी सोडला. संकल्प चांगला होता, पण त्याला पैसा लागणार होता, आणि नेमक्या त्याच सुमारास गरीब देशांजवळचा पैसा आटू लागला. या देशांनी १९७० नंतरच्या दशकात बाहेरून मोठमोठी कर्जे काढली होती. दशक संपता संपता तेलाच्या किमती पुन्हा भडकल्या, अमेरिकेत व्याजाचे दर चढले आणि ज्या मालाच्या निर्यातीवर हे देश जगत, त्या कॉफी, तांबे, कापूस अशा मालाचे भाव मात्र घसरले. उत्पन्न कमी आणि हप्ता जास्त, अशी संसाराला असते तशीच कोंडी झाली. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने, आपल्याला कर्जाचे हप्ते फेडता येत नाहीत, असे जाहीर केले. त्यामागून पुष्कळ देशांची तीच गत झाली.

अशा वेळी या देशांना पैसा देऊ शकणाऱ्या दोन मोठ्या संस्था होत्या: आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक. त्यांनी नवी कर्जे दिली, पण अटी घालून. सरकारने आपला खर्च आवरावा, ही त्यांतील मुख्य अट. ज्या खात्यांवर कात्री चालली त्यांत आरोग्यखातेही होते. १९८७ साली जागतिक बँकेने विकसनशील देशांतील आरोग्यसेवांच्या खर्चाविषयी एक अहवाल काढला आणि त्यात सुचविले, की सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णाकडून थोडे शुल्क घ्यावे. त्याच वर्षी माली देशाची राजधानी बामाको येथे आफ्रिकेतील आरोग्यमंत्र्यांनीही, औषधांचे थोडे पैसे घेऊन ते त्याच दवाखान्यावर खर्च करावेत, अशा धर्तीची योजना स्वीकारली.

शुल्काच्या बाजूने जे सांगितले जाई ते तर्कदृष्ट्या बरेच पटण्यासारखे आहे, आणि ते उडवून लावणे बरोबर होणार नाही. एक तर दवाखान्याला चार पैसे मिळतील व कपाटात औषध राहील. दुसरे, फुकटच्या वस्तूची माणसाला किंमत नसते. पदरचे पैसे मोजले की ती जपून वापरली जाते. तिसरे, ज्याला खरोखर गरज आहे तोच पैसे देऊन घेईल, म्हणजे वस्तू योग्य माणसाकडे जाईल. आणि चौथे, एकदा लोकांना फुकटाची सवय लागली की पुढे ते कधीच पैसे देणार नाहीत, आणि परकीय मदत थांबली की सारेच थांबेल. तुमच्या घरी मोठी माणसे बोलताना यांतले एखादे वाक्य तुम्ही नक्कीच ऐकले असेल!

डिसेंबर १९८९ मध्ये केनिया या पूर्व आफ्रिकेतील देशाने सरकारी दवाखान्यांत शुल्क सुरू केले. राजधानी नैरोबीतील एका मोठ्या दवाखान्यात संसर्गजन्य गुप्तरोगांवर उपचार होत असत. तेथील नोंदवह्या पाहिल्या तेव्हा दिसले, की शुल्क लागू होताच येणाऱ्या पुरुषांची संख्या पूर्वीच्या चाळीस टक्क्यांवर आली आणि स्त्रियांची पासष्ट टक्क्यांवर. न आलेले रुग्ण बरे झालेले नव्हते. ते रोग घेऊन घरीच राहिले होते, आणि हा रोग एकट्यापाशी राहणारा नव्हे. शिवाय तिजोरीत पडले तरी किती? आफ्रिकेतील अनेक देशांचा हिशेब पाहता अशा शुल्कातून आरोग्यखात्याच्या चालू खर्चाच्या सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासच रक्कम उभी राहत असे.

एवढे कळल्यावर निकाल लागलाच, असे तुम्हांला वाटेल. पण विज्ञानाचा विद्यार्थी येथे थांबत नाही. शुल्क लागले त्याच महिन्यांत दुसरेही काही घडले नसेल कशावरून? पाऊस जास्त झाला असेल, रस्ते बंद असतील, जवळच नवा दवाखाना उघडला असेल, औषधे संपली असतील. 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करताना मधल्या काळात बदललेल्या साऱ्या गोष्टी आपण नकळत एकाच कारणाच्या माथी मारत असतो. शेतकी महाविद्यालयात नव्या खताची परीक्षा करायची असते तेव्हा गेल्या वर्षीच्या पिकाशी तुलना करीत नाहीत. एकाच शेताचे वाफे पाडतात, काहींना खत देतात, काहींना देत नाहीत, आणि कोणत्या वाफ्याला द्यायचे ते सोडतीने ठरवितात. माणसांच्या बाबतीत असे करता येईल का?

चिठ्ठ्यांची करामत

केनियाच्या पश्चिम टोकाला, व्हिक्टोरिया सरोवराजवळ, बुसिया नावाचा भाग आहे. शेतकरी वस्ती, अनवाणी फिरणारी मुले, दमट हवा. जंतांना याहून काय हवे? १९९८ साली तेथील ७५ प्राथमिक शाळांत, मिळून तीस हजारांवर मुलांना जंतांच्या गोळ्या देण्याचे एका सेवाभावी संस्थेने ठरविले. सर्व शाळांना एकदम देण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी सुचविले, की नाहीतरी टप्प्याटप्प्यानेच द्यायच्या आहेत, तर शाळांची नावे वर्णक्रमाने लावून एक, दोन, तीन; एक, दोन, तीन असे मोजत जावे. एक नंबरच्या २५ शाळांना पहिल्या वर्षी, दोन नंबरच्यांना पुढच्या वर्षी आणि तीन नंबरच्यांना शेवटी. म्हणजे कोणी कायमचा वंचित राहत नाही, आणि वाट पाहणाऱ्या शाळा आपोआप तुलनेला मिळतात.

यात विशेष ते काय? विशेष हे, की शाळेचे नाव कोणत्या अक्षराने सुरू होते याचा तेथील मुलांच्या गरिबीशी, मास्तरांच्या हुशारीशी किंवा जंतांच्या संख्येशी काही संबंध नाही. म्हणून तिन्ही गट सुरुवातीला सरासरीने सारखेच असतात, आणि पुढे जो फरक पडेल तो गोळीचा. हे तुम्हांला वर्गातच करून पाहता येईल. सर्वांची उंची सेंटिमीटरमध्ये फळ्यावर लिहा. पहिल्यांदा पुढच्या बाकांवरील अर्धी मुले व मागच्या बाकांवरील अर्धी मुले अशा दोन गटांची सरासरी काढा. बहुधा मागचा गट उंच निघेल. का, ते सांगायला नकोच. आता नावांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून अर्ध्या अर्ध्या उचला आणि पुन्हा सरासरी काढा. दोन सरासऱ्या किती जवळ येतात ते पाहून तुम्हांला नवल वाटेल. दोन-तीनदा करा, एखाद्या वेळी फरक जास्तही पडेल. मुले कमी असली की असे होते. म्हणूनच खऱ्या प्रयोगात पुष्कळ शाळा घ्याव्या लागतात.

थोडे जंतांविषयीही सांगायला हवे, कारण त्यावाचून पुढचा मुद्दा कळणार नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. परंतु ती अंडी पोटात उबत नाहीत. ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात, मातीत काही आठवडे मुरतात आणि मग न धुतलेल्या हातांवाटे किंवा भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरते. म्हणजे माझ्या पोटातले जंत माझ्या पोटात वाढून संख्येने दुप्पट होत नाहीत. ते तुमच्याकडे येतात आणि तुमचे माझ्याकडे. गोळी जंताला साखर शोषून घेऊ देत नाही, त्यामुळे तो उपाशी मरतो. मी गोळी घेतली की मातीत पडणारी अंडी कमी होतात आणि गोळी न घेतलेल्या तुमचाही फायदा होतो. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. जो गोळी विकत घेतो तो आपल्या पोटापुरता हिशेब करतो. शेजाऱ्याच्या फायद्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. त्यामुळे अशी वस्तू बाजारभावावर सोडली तर समाजाला जितकी हवी त्याहून कमीच खपते.

बुसियात गोळ्या मिळालेल्या शाळांतील मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. २००१ साली मात्र संस्थेने धोरण बदलले. आतापर्यंत फुकट गोळ्या मिळत असलेल्या ५० शाळांपैकी २५ शाळा सोडतीने निवडून तेथे पालकांकडून थोडे पैसे घ्यायचे ठरले. मुलामागे सरासरी तीस सेंट, म्हणजे गोळ्यांच्या खऱ्या खर्चाचा एक लहानसा भाग. आता आपल्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलेला आकडा काढा. फुकट शाळांत शंभरातील ७५ मुलांनी गोळी घेतली. पैसे लावलेल्या शाळांत हे प्रमाण वीसच्याही खाली गेले. चाळीसच्या वर्गात तीसऐवजी आठ!

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी पैसे भरले ती मुले अधिक जंत असलेली होती का? नव्हती. गरजू माणूस पैसे देऊन घेईल, हा तर्क येथे टिकला नाही. कारण सोपे आहे. जंत झालेल्या मुलाला ताप येत नाही की ते विव्हळत नाही. ते नुसते फिकट दिसते आणि मलूल बसते. आईबापांना ते रोजचेच वाटते. आजच्या तीस शिलिंगांचे दुःख डोळ्यांसमोर असते, उद्याचा फायदा दिसत नाही.

या प्रयोगाचीही पुढे कसून तपासणी झाली, हे सांगून टाकतो. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी मूळ आकडेमोड पुन्हा केली तेव्हा तीत चुका सापडल्या. दूरच्या शाळांनाही फायदा पोचला, हा दावा त्यामुळे बराच लंगडा पडला, आणि सरसकट सर्व मुलांना गोळ्या दिल्याने वजन किंवा अभ्यास किती सुधारतो, याबद्दल वैद्यकातील जाणकारांत अजूनही जोराचा वाद आहे. परंतु किंमत लावली की घेणारे किती गळतात, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नंतर दुसऱ्या वस्तूंच्या बाबतीतही पुन्हा पुन्हा तसेच आले.

आता मच्छरदाणीकडे

हिवताप म्हणजे मलेरिया. ॲनॉफिलिस जातीची मादी रात्री चावते आणि रोग पसरविते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात या रोगाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली शंभरातील ९५ आफ्रिकेतील, आणि आफ्रिकेतल्या मृतांत चारांतील तीन पाच वर्षांच्या आतील बालके. गरोदर स्त्रियांनाही हा रोग फार वाईट. त्यांचे रक्त कमी होते आणि मूल कमी वजनाचे जन्मते.

आपल्याकडे आजोबा-आजींच्या पलंगावर असते ती साधी मच्छरदाणी. आफ्रिकेत वाटतात तिच्या धाग्यांत कीटकनाशक मुरवलेले असते. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम नावाच्या फुलातील विषाच्या नमुन्यावर बनविलेले हे रसायन माणसाला फारसे बाधत नाही, पण डासाचा जाळीला स्पर्श झाला की तो मरतो. (गंमत अशी, की ही पायरेथ्रमची फुले पिकवण्यात केनिया एके काळी जगात आघाडीवर होता.) म्हणजे ही मच्छरदाणी नुसता आडपडदा नसून सापळाही आहे. आत झोपलेला माणूस हे त्या सापळ्यातले आमिष! सरोवराकाठच्या असेंबो भागात मोजणी केली तेव्हा दिसले, की मच्छरदाणी असलेल्या घरांपासून सुमारे तीनशे मीटरांच्या आत जी घरे होती, त्यांत मच्छरदाणी नसतानाही मुलांना संरक्षण मिळाले. पुन्हा तोच बाह्य लाभ.

अशी एक मच्छरदाणी तेव्हा सहा-सात डॉलरला पडे. ती फुकट द्यावी की विकावी यावर मोठा वाद माजला. जेफ्री सॅक्स हे अर्थशास्त्रज्ञ म्हणत, फुकट वाटा, सर्वांना वाटा. विल्यम ईस्टरली म्हणत, फुकट दिलेल्या जाळ्या काळ्या बाजारात जातात, नाहीतर मासे धरायला वापरल्या जातात. थोडी किंमत घ्या म्हणजे ती खरोखर वापरणाऱ्याच्याच हाती पडेल. दोघेही विद्वान, दोघांचाही हेतू चांगला, आणि दोघांजवळही नेमका पुरावा नव्हता.

जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्यूपा या दोन संशोधक स्त्रियांनी तो मिळविला. पश्चिम केनियातील २० प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रे त्यांनी घेतली. सोडतीने ठरवून काही केंद्रांत मच्छरदाणी फुकट, काहींत १० शिलिंग, काहींत २०, काहींत ४० शिलिंग अशी किंमत ठेवली. चार केंद्रे नुसती तुलनेसाठी राखली. ४० शिलिंग म्हणजे सुमारे साठ सेंट, खऱ्या किमतीच्या दशांशाएवढे. १० शिलिंगांना घेणाऱ्या स्त्रिया फारशा घटल्या नाहीत, २० ला आणखी काही घटल्या, पण ४० शिलिंगांना शंभरातील साठ गळाल्या.

'ठीक आहे,' ईस्टरलींचा पक्षधर म्हणेल, 'पण ज्या चाळीस जणींनी पैसे दिले त्या तरी वापरतील. फुकटच्या शंभरांतल्या किती अडगळीत पडल्या असतील!' हे तपासायला काही आठवड्यांनी, आधी न कळविता, कार्यकर्ते त्या स्त्रियांच्या घरी गेले. नुसते विचारून भागत नाही. 'रोज वापरता का?' म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? गृहपाठ केला का, असे विचारल्यावर तुम्ही काय सांगता, ते आठवा. म्हणून 'मच्छरदाणी पाहू' असे म्हणून ती प्रत्यक्ष टांगलेली आहे की नाही ते पाहिले. पैसे देणाऱ्या आणि फुकट घेणाऱ्या, दोघींच्याही घरी टांगलेल्या मच्छरदाण्यांचे प्रमाण सारखेच निघाले.

या प्रयोगात आणखी एक बारीक युक्ती होती, ती मला फार आवडते. पैसे देणारी स्त्री मच्छरदाणी वापरते असे समजा दिसले, तरी त्याची कारणे दोन असू शकतात. एक, तिला मुळातच गरज जास्त होती. दुसरे, पैसे गेल्यामुळे ते वसूल करावे असे तिला वाटले. ही दोन कारणे वेगळी कशी करायची? तर, जी ४० शिलिंग द्यायला तयार झाली तिला पैसे देण्यापूर्वी एक चिठ्ठी उचलायला लावली. चिठ्ठीत निघेल त्याप्रमाणे तिला आणखी सूट मिळे, कोणाला अगदी फुकटही. आता सारख्याच उत्सुक दोन स्त्रिया मिळाल्या, एकीचे पैसे गेले आणि दुसरीचे नाही. दोघींच्या वापरात फरक आढळला नाही. पैसे मोजणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील हिमोग्लोबिनही तपासले होते. त्या इतरांहून अधिक आजारी नव्हत्या. म्हणजे दुसरा तर्क गेला, तिसराही गेला.

चौथा राहिला: फुकटाची सवय. ड्यूपांनी नंतर दुसऱ्या एका प्रयोगात पाहिले, की ज्यांना पहिली मच्छरदाणी फुकट किंवा अगदी स्वस्त मिळाली होती त्यांनी वर्षभराने दुसरी विकत घेतली का. इतरांपेक्षा त्यांनी जास्त घेतली. डास न चावता झोप कशी लागते, ते त्यांना कळले होते! मासे धरण्याची गोष्टही पूर्ण खोटी नव्हती; सरोवराकाठच्या कोळ्यांच्या गावांत अशा जाळ्यांवर मासळी वाळवताना पाहणाऱ्यांनी पाहिले आहे. पण कोळ्यांच्या थोड्या गावांवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधणे म्हणजे मागच्या बाकावरून वर्गाची सरासरी उंची काढणे.

आता हिशेब करा. मच्छरदाणी सहा डॉलरची, तुमच्याजवळ मदतीचे ६०० डॉलर आहेत आणि गावात शंभर कुटुंबे. फुकट दिल्यास शंभर घरांत शंभर मच्छरदाण्या. साठ सेंट घेतल्यास प्रत्येकीमागे तुमचे ५.४० डॉलर लागतील, म्हणजे त्याच पैशात १११ मच्छरदाण्या बसतील. पण गावातून चाळीसच उठतील. चाळीस घरांतून वसूल झाले २४ डॉलर, आणि साठ घरे उघडी राहिली. शिवाय डासांची संख्या घटवायला गावातल्या बऱ्याचशा घरांत सापळे हवेत, तेही होणार नाही.

२००६ साली केनियाच्या सरकारने परकीय मदतीच्या आधारे सुमारे ३४ लाख मच्छरदाण्या मुलांसाठी फुकट वाटल्या. चार जिल्ह्यांतील पाहणीत २००४ साली मच्छरदाणीत झोपणारी मुले शंभरांत सात होती, ती २००६ च्या अखेरीस सदुसष्ट झाली. आणि गरीब घरे व सधन घरे यांतले अंतर जवळजवळ मिटले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने, मच्छरदाण्या फुकट किंवा अत्यल्प किमतीत द्याव्यात, अशी शिफारस केली. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाच्या सुमारे ६६ कोटी घटना टळल्या आणि त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक मच्छरदाण्यांमुळे टळल्या, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

शून्याच्या खाली आणि शून्याच्या वर

मग सारेच फुकट करावे काय? तसेही नाही. हिवतापावरील औषध केनियाच्या दुकानांतून फारच स्वस्त केले तेव्हा ताप आलेली, पण हिवताप नसलेली मोठी माणसेही ते घेऊ लागली. तेथे किंमत किंचित चढी ठेवली तर उधळपट्टी कमी झाली आणि लहान मुलांचे नुकसान झाले नाही. मच्छरदाणी चुकीच्या माणसाला मिळाली तरी डास मरतातच; औषध चुकीच्या माणसाने घेतले तर पैसा जातो आणि खरा आजार लपतो. कोणती वस्तू, हे पाहिल्यावाचून तत्त्व सांगता येत नाही.

युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले तेव्हा रुग्णांची रीघ लागली, पण औषधे आणि माणसे त्या प्रमाणात वाढली नव्हती, तेथे कपाटे रिकामी झाली. आपल्या राज्यातही सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे आणि उपचारांचे शुल्क घेणे बंद झाले. तुमच्या गावच्या रुग्णालयात त्यापूर्वी आणि त्यानंतर किती रुग्ण आले व औषधे किती दिवस पुरली, याची माहिती शिक्षकांच्या मदतीने मिळवून पाहा. मात्र 'आधी' आणि 'नंतर' यांच्या तुलनेविषयी वर सांगितलेले विसरू नका.

उलट, कधी कधी शून्यसुद्धा महाग पडते. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत लस फुकट होती, तरी सर्व लसी पुऱ्या झालेली बाळे शंभरांत सहाच होती. दूर जाऊन परिचारिका भेटेलच याची खात्री नसे आणि दिवसाची मजुरी बुडे. सोडतीने निवडलेल्या गावांत ठरल्या दिवशी नेमाने शिबिर भरवले तेव्हा ही संख्या सतरा-अठरावर गेली. शिबिराबरोबर प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा एक संच दिला, तेथे ती एकोणचाळिसाच्या घरात पोचली. किंमत शून्याच्याही खाली! डाळीचा खर्च धरूनही दर बाळामागे येणारा खर्च कमी झाला, कारण परिचारिका दिवसभर बसायचीच आणि आता तिच्यापुढे बाळे जास्त येत होती. हा प्रयोग करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर ड्यूफ्लो होते. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई मराठी. या दोघांना आणि बुसियातील क्रेमर यांना मिळून २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शुल्काच्या बाजूचा एक मुद्दा मात्र कोणत्याही प्रयोगाने खोडलेला नाही, आणि तो म्हणजे पैसा कोठून आणायचा हा. २०१३ साली जागतिक बँकेच्याच अध्यक्षांनी, दवाखान्याच्या दारात गरिबाकडून पैसे घेणे अन्यायाचे आहे, असे जाहीरपणे म्हटले. परंतु दारात घ्यायचे नाहीत तर करांतून घ्यावे लागतात किंवा परदेशांकडून. आफ्रिकेतील मच्छरदाण्यांचा बहुतेक पैसा २००२ साली स्थापन झालेल्या जागतिक निधीतून आणि अमेरिकेच्या मदतीतून आला. २०२५ साली अमेरिकेने आपली परकीय मदत देणारी संस्था बंद केली आणि पुष्कळ देशांतील आरोग्यकार्यक्रम अचानक अडचणीत आले. त्यातच पायरेथ्रमच्या जातीच्या कीटकनाशकांना न जुमानणारे डास वाढत आहेत. दोन रसायने वापरलेली नवी मच्छरदाणी त्यांनाही मारते, पण ती जुनीपेक्षा महाग आहे. मच्छरदाणी साधारण तीन वर्षे टिकते, पुढे तिला भोके पडतात आणि औषध उतरते. २०२४ साली वाटलेल्या मच्छरदाण्या २०२७ मध्ये बदलाव्या लागणार आहेत.